आत्या, मीठ कसं झालंय?

आत्या, काल उखळ परत सुरू झालं.

तुम्ही गेल्यापासून आपल्या चटणीच्या दुकानाचं शटर खालीच होतं. काल ह्यांनी ते वर केलं, मी शेंगदाणे भाजायला घेतले, आणि वास गल्लीत गेला तशी समोरची मुमताजभाभी दारात येऊन उभी राहिली. "सुनीता, अम्मा की याद आयी," एवढंच बोलली आणि ओढणीनं डोळे पुसत परत गेली. मी मुसळ हातातून खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर परत उचललं नसतं.

लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून कांडायला लागले. तेल सुटलं, चटणी मुसळाला धरायला लागली, आणि माझा हात आपोआप पहिली चिमूट घेऊन उजवीकडं वळला. तिथं तुमची खुर्ची आहे. खुर्चीत कुणी नाही. आता ही चिमूट कुणाच्या तळहातावर ठेवू, सांगा.

बार्शीहून लग्न होऊन मी भवानी पेठेतल्या ह्या घरात आले, तेव्हा सासूला आत्या म्हणायचं हे मला सांगून पाठवलं होतं. मला वाटलं, सोपं आहे. माझी सख्खी आत्या म्हणजे गुळाचा खडा, कधी आवाज चढवायची नाही. दुसऱ्याच दिवशी माझा गैरसमज दूर झाला. तुम्ही मला उखळापुढं बसवलंत आणि विचारलंत, "बी.कॉम. झालीस म्हणं. मीठ कळतं का?" मी मान हलवली. तुम्ही माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि म्हणालात, "बघू की."

तुमचं ते बघणं संपलंच नाही. इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, पण निकाल काही लागला नाही.

आपल्या घरचा नियम साधा होता. कांडलेल्या चटणीची पहिली चिमूट तुमच्या डाव्या तळहातावर यायची. तुम्ही ती जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या, आणि सगळं घर श्वास धरून उभं राहायचं. मग एकतर शिव्या यायच्या, नाहीतर एकच शब्द यायचा, "भरा." भरा म्हणजे पिशव्या भरा, माल बाहेर जाऊ दे. 'छान झालीय' हे शब्द तुमच्या तोंडून ना मी ऐकले, ना ह्यांनी, ना देवानं. आणि तुमच्यानंतर दुसऱ्या कुणी चव बघायची नाही, ही तुमची सक्त ताकीद होती. एकदा ह्यांनी गुपचूप बोट लावलं तर तुम्ही त्यांच्या हातावर फटका मारलात. "माझ्यामागनं जीभ लावतोस? आईवर इस्वास न्हाय व्हय तुझा?" पन्नाशीचा माणूस, ग्राहकांच्या देखत मार खाऊन हसत उभा.

आणि आपलं मिक्सरचं भांडण! माहेरून मिळालेला नवाकोरा मिक्सर तुम्ही फडक्यात गुंडाळून फळीवर चढवलात आणि त्याच्यावर चहाचे डबे रचलेत. मी म्हणायची, निदान घरच्या खाण्यापुरती त्यात करू द्या, हात दुखतात. तुम्ही म्हणायच्या, "मिक्सरात भुगा हुतो. उखळात तेल सुटतं. हात दुखतात तर तोंड मिटून ठेव, तेवढंच बळ वाचंल." मी तावातावानं स्वयंपाकघरात जायची, भांडी आपटायची, आणि तुम्ही बाहेरून ओरडायच्या, "आपट, आपट, पितळेची हायत, फुटायची न्हाईत!" मला इतका राग यायचा म्हणून सांगू. आणि आज तीच भांडी मी जपून ठेवते, आवाज होऊ देत नाही. ओरडणारं कुणी नसेल तर आपटून काय करायचं?

तुमचा आजार हातातून सुरू झाला असं सगळे म्हणतात. चूक. हात नंतर थरथरला. आधी चेहरा गेला. भुवया उडवायच्या थांबल्या, ओठ मुडपायचे थांबले, पापणीसुद्धा कमी लवायला लागली. नुसत्या बघत राहायच्या. आणि तुमच्यासारखी बाई नुसती बघत राहिली की समोरच्याला घाम फुटणारच ना! ईदेला भाभी शीरखुर्मा घेऊन आली. तुम्ही वाटी घेतली आणि दगडासारखं तोंड करून बसलात. "अम्मा, हमसे कुछ चूक हुई क्या?" तिनं चार वेळा विचारलं. रडत घरी गेली. दुसऱ्या दिवशी तिचे मिया आले समजूत काढायला, तुमच्या दारात स्कूटर लावणं बंद करतो म्हणाले. मग माझा भाऊ बार्शीहून आला. तुमचं तोंड बघून तो जेवता जेवता थांबला आणि लग्नातल्या मानपानात काही राहिलं असेल तर माफी असावी, असं हात जोडून म्हणाला. अहो आत्या, त्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती की त्यातली पैठणी फाटून तिची उशी झाली! पण तुमचा चेहरा बघून ज्याला त्याला आपापला गुन्हा आठवायला लागला. सगळी गल्ली तुम्हाला मनवत होती आणि तुम्ही मुळात रुसलाच नव्हता.

मग ते 'चालतंय' आलं.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. भाजी कोणती करू? चालतंय. नात्यातल्या लग्नाला येणार का? चालतंय. गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं का ह्या वर्षी? "चालतंय," म्हणजे नेलं तरी आणि नाही नेलं तरी. मला सुरुवातीला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, वयानं निवळल्या. एक दिवस तळहातावर चिमूट ठेवली, तुम्ही जिभेवर घेतली, डोळे मिटले नाहीत, आणि म्हणालात, "चालतंय." ह्यांनी आणि मी एकमेकांकडं बघितलं. 'भरा' म्हणाल्या नाहीत, पण शिव्याही दिल्या नाहीत. ह्यांनी पिशव्या भरल्या. नियम तो नियम, तुमच्यामागनं चव कोण बघणार?

त्या चटणीत मीठच नव्हतं, आत्या. मीच घालायला विसरले होते. संध्याकाळपर्यंत लोक पिशव्या घेऊन परत यायला लागले. एक आजोबा तर हसत होते, "काय ओ, अम्मांनी डॉक्टरकी सुरू केली का, बिनमिठाची चटणी?" दुसऱ्या कुठल्या घरात असं झालं असतं तर कुणीतरी बोट लावून बघितलं असतं. आपल्या घरात कुणाचीच छाती झाली नाही. परत आलेल्या पिशव्यांचा ढीग तुमच्यासमोर होता. मी, आता काय ऐकायला मिळतंय म्हणून उभी. तुम्ही ढिगाकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि काहीच बोलला नाहीत. त्या दिवशी मी घाबरले. त्याआधी तुमच्या ओरडण्याला मी कधी इतकी घाबरले नव्हते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, हा पार्किन्सन. हात थरथरतो ते दिसतं, म्हणून लोकांना तेवढंच कळतं. पण ह्यात मनाची उभारी जाते, काही करावंसं, बोलावंसं वाटत नाही, आणि चेहऱ्याचे स्नायू आखडतात. त्या रुसलेल्या नाहीत, आळशी झालेल्या नाहीत, घरच्यांवरची मायाही कमी झालेली नाही. ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी नाही सोडला. रुसलेल्या असता तर मनवता आलं असतं. पाय धरले असते, नाक घासलं असतं. जी बाई रुसलीच नाही तिला मी कुठून परत आणू?

मग मी तुम्हाला डिवचायला लागले. हो, मुद्दाम! आमटीत साखर घातली. तुमच्या खुर्चीच्या पाठीवर ओले टॉवेल वाळत टाकले. शेवटी फळीवरचे चहाचे डबे खाली काढले, मिक्सरचं फडकं सोडलं, आणि तुमच्या डोळ्यांसमोर त्यात शेंगदाणे टाकून घर्रर्र करून फिरवला. तो भुगा तुमच्या तळहातावर ठेवला. तळहात थरथरत होता, अर्धा भुगा साडीवर सांडला. मी तुमचं मनगट धरलं, उरलेलं जिभेवर गेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, ओरडा. आत्या, एकदा ओरडा. तुम्ही म्हणालात, "चालतंय." मी मोरीत गेले, नळ सोडला आणि मनसोक्त रडले. ह्यांचं दुसरंच. "सुनीता, आईला छळतेस का मला? आमटी गोड, भाजी खारट, मी काय पाप केलंय?"

पण दुसऱ्या दिवशी दुपारी काय झालं! भाभी, तुम्ही आणि मी बसलो होतो. भाभी तिच्या नणंदेचं काहीतरी रंगवून सांगत होती. मध्येच तुमचा आवाज आला, खोल, विहिरीतून यावा तसा. "आमटीत साखर कुणी घातली?" भाभी दचकून थांबली. आमटीचं नावही कुणी काढलं नव्हतं. "आँ?" मी म्हटलं. तुम्ही माझ्याकडं बघत होता. चेहरा तोच, दगडी. "साखर. आमटीत. बार्शीत घालत्यात व्हय?"

माझ्या मांडीवरचा लसूण सगळा जमिनीवर. मी तुम्हाला मिठीच मारली. "घालतात आत्या! मूठमूठ घालतात!" तुम्ही माझ्या खांद्यावरून भाभीला म्हणालात, "येडी हाय." मी लगेच ह्यांना फोन लावला, ते मार्केट यार्डात शेंगा बघत होते. "अहो, आत्या मला येडी म्हणाल्या!"  मग म्हणाले, "बरं, मग रडतेस कशाला?" आणि शेंगा न घेताच घरी आले. आणि मिक्सरचं उत्तरही आलं. मधे बरेच दिवस गेले होते. संध्याकाळी मी दिवा लावत होते आणि मागून तुम्ही नुसतं म्हणालात, "भुगा." मला पुढचं सगळं वाक्य ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरोबर आहे, विचार येतोय, पोचायला वेळ लागतोय. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि थांबा. त्यांच्या वतीनं उत्तर देऊ नका. म्हणजे आत्या, तुम्ही आतच होता. सगळं बघत होता, सगळं चाखत होता, आणि बाहेर यायला तुम्हाला उशीर होत होता एवढंच.

मग मी थांबायला शिकले. माझ्यासारखी बाई, जिला दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची सवय नाही! प्रश्न विचारायचा आणि लसूण सोलत बसायचं. वाटी भरत आली की तुमचं उत्तर यायचं. ह्यांना ते कधी जमलं नाही. "आई, चहा घेणार? घेणार ना? दे गं, घेतीय ती." मी डोळे वटारायची. एकदा सगळे जेवायला बसलेलो असताना तुम्ही म्हणालात, "हिरवं." ह्यांनी ताटात हिरवी मिरची वाढली. मला आठवलं, सकाळी मी विचारलं होतं, कुठलं लुगडं काढू. मी उठले, हिरवं लुगडं काढलं, आणि तुम्हाला जेवणानंतर नेसवलं. तुम्ही पदरावरून हात फिरवलात. तेवढ्यानं मला दिवाळी आल्यासारखं झालं.

सगळे दिवस असे नव्हते. गोळीची वेळ जवळ आली, आधीच्या गोळीचा अंमल उतरला, की तुमच्यावर काळोख उतरायचा. ज्या बाईनं भर बाजारात माप मारणाऱ्या आडत्याची कॉलर धरली होती, ती माझा पदर मुठीत धरून बसायची. "कुटं चाललीस? बार्शीला चाललीस व्हय मला टाकून?" मी संडासला जरी गेले तरी दारापाशी हाका. आणि एकदा तुम्ही मला म्हणालात, "यव्वा, मला भ्या वाटतंय." अक्कलकोटकडचं तुमचं माहेर, तिथल्या कन्नडात आईला यव्वा म्हणतात, हे मला ठाऊक होतं.  तुमचं डोकं मांडीवर घेतलं, गोळी दिली, आणि ती लागू होईपर्यंत केसांतून हात फिरवत राहिले. मग हळूहळू तुमची मूठ सुटायची आणि तुम्ही माझ्या हातावर थोपटायच्या, जणू मलाच भीती वाटत होती.

पुढं पुढं तुम्हाला शेंगांच्या पोत्यावर बसलेली एक लहान मुलगी दिसायला लागली. मी आधी वाद घातला, "कुणी नाही हो तिथं." तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की जणू मी कंजूष बाई आहे, पोराला मूठभर शेंगा देववत नाहीत! डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी औषध थोडं बदललं आणि म्हणाल्या, घाबरत नसतील तर हुज्जत घालू नका. मग तुम्हाला ती दिसली की मी पोत्यावर मूठभर शेंगा ठेवायची. संध्याकाळी तुमचे चिरंजीव त्या खाऊन टाकायचे. तुम्ही समाधानानं म्हणायच्या, "खाल्ल्या बघ पोरीनं."

मग गिळणं अवघड झालं. सगळं पातळ, सगळं मऊ. कडक भाकरीवर वाढलेली बाई पेजेवर आली. एका सकाळी तुम्ही जरा ताज्या दिसत होता, म्हणून मी चटणीचा कण दह्यात अगदी विरघळवून बोटानं तुमच्या जिभेवर लावला. माझ्या हातची, उखळातली. आणि विचारलं, "आत्या, मीठ कसं झालंय?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग, किती महिन्यांनी, तुमचे डोळे मिटले. तसेच, पूर्वी मिटायचे तसे. मला कळलं की प्रश्न आत गेलाय. मी लसूण घेऊन बसले. दुपार झाली, भाभी येऊन गेली, ह्यांनी दोनदा विचारलं, झोपल्यात का? मी म्हटलं, नाही, विचार करतायत. संध्याकाळी तुमचा श्वास बदलला आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो थांबला.

आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळभर विभूती लावली, हिरवंच लुगडं नेसवलं. बसलेलं माणूस गेल्यासारखं दिसत नाही हो. तुमचे ओठ किंचित उघडे होते. माणसं रडत होती, स्वामी मंत्र म्हणत होते, समाधीला न्यायची घाई चालली होती, आणि मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं की थांबा, जरा थांबा, त्या बोलणार आहेत, त्यांना वेळ लागतो. ह्यांनी माझा दंड धरला. त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण तेही म्हणाले, "थांबा दोन मिनिटं." सगळे थांबले. तुम्ही काही बोलला नाहीत. मग उचललं.

भाभी म्हणते, सासू गेली तर इतकं कुणी रडतं का, माझी गेली तेव्हा मी बिर्याणी केली. मी रडता रडता हसले. तिला कसं सांगू, मला तुमची माया हवी होती असं नाही, ती होतीच, ती मी त्या थोपटण्यातून घेतली. मला निकाल हवा होता. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, मीठ कळतं का, आणि 'बघू की' म्हणून ठेवून दिलंत. मला एक 'भरा' हवा होता असा, की जो तुम्ही नुसत्या चटणीला नाही, मला म्हणाल. नाहीतर एक सणसणीत शिवी. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

तर काल. चिमूट हातात, खुर्ची रिकामी. हे म्हणाले, "तूच बघ आता मीठ." मी म्हटलं, मी नाही. मग त्यांनीच घाबरत घाबरत बोट लावलं, सवयीनं इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाले, "चालतंय की."

आत्या, माझं डोकंच फिरलं. "चालतंय काय म्हणता? चटणी आहे का गवत आहे? ह्या घरात चालतंय म्हणायचं नाही, सांगून ठेवते!" गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला असेल.  हे माझ्याकडं बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी ती चिमूट तुमच्या खुर्चीच्या हातावर ठेवलीय. परातीत सगळी चटणी तशीच आहे, आजही. हे मघाशी पिशव्या घेऊन आले, म्हणाले, भरू का? लोक विचारतायत. मी म्हटलं, जरा थांबा.

घाई नाही, आत्या. सावकाश सांगा. मी लसूण सोलत बसलेय.